किती दाती?

ईलीत, ऊज नदीच्या काठाला
जुन्या धान्यगोदामात आमची चाळण चालते.
कित्येक शतकं साचलेला एक उकिरडा
बादलीबादलीनं धुवायचा.
माती जाऊ द्यायची. उरेल ते हाड.

पिशवी चारशे बारा.
वामेचे मणके, बाजरीच्या दाण्याएवढे,
चिमट्यात धरेपर्यंत निसटतात,
मेल्यावरही सवय गेली नाही.
या गावाचं नावच वामेवरून पडलं म्हणतात.
मठाचा खंड वामांत मोजायचे,
पंचवीस वामांची एक जुडी,
इतक्या जुड्या या वाडीकडून, इतक्या त्या.
मी परत मोजते,
आठशे वर्षं उशिरा आलेली तलाठीण.

खालच्या थरात करकोच्याची हाडं अकरा.
त्यावरच्यात चार.
मग माणसांनी चर खणले,
पाणी समुद्राकडं काढून दिलं,
पाणथळीचा गहू झाला.
सगळ्यात वरच्या थरापुढं मी रकाना कोरा सोडला,
तर थर्लबीबाई म्हणाल्या, कोरा नको,
शून्य लिही.
शोधलं आणि नाही सापडलं, हे वेगळं.
शोधलंच नाही, हे वेगळं.

संध्याकाळी बांधावरून सायकल काढली
तर दोन्हीकडं नुसती काळी सपाट जमीन.
करकोचा सोडा,
सशाला लपायला आडोसा नाही.

आणि मग हा मेंढीचा जबडा.
जबड्यावरून वय काढायला
इथं मला तीन महिने शिकवलं.
झिजेचे तक्ते, खुणांची अक्षरं,
भिंगाखाली एकेक दाढ.
अजूनही माझं चुकतं.

रविवारी अब्बांना व्हिडिओ कॉलवर दाखवला.
वडूजच्या बाजारात ज्यांनी चाळीस वर्षं
मेंढरांचे ओठ वर करून पाहिले,
आणि मला मात्र म्हणायचे,
तू शीक, तुला रक्तात हात घालायचा नाही.
त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.
कुठली, केव्हाची, काही विचारलं नाही.

“पुढचं दात पडल्यात. दाढा दाव.
तिरका धर जरा. हां.
हिला जुळून लई वर्सं झाली.
म्हातारी हाय.
एवढी कोण खायाला ठेवतंय?
लोकरीसाठी ठेवली आसंल.
शेवटाला कापली, तवा
शिजता शिजली नसंल.”

बाईंच्या वहीत त्या थरापुढं
शिसपेन्सिलीनं हेच लिहिलंय: लोकर,
आणि पुढं प्रश्नचिन्ह.
मी ते खोडलं नाही.
खाली दुजोरा म्हणून नाव घातलं,
इलाही बाबालाल मुलाणी, वडूज.
बाईंनी वाचलं. कोणत्या विद्यापीठाचे, म्हणाल्या.
मी म्हटलं, बाजाराचे.
त्या हसल्या नाहीत. नावाचं स्पेलिंग तेवढं विचारून घेतलं.

पण ते नंतर.
फोन ठेवता ठेवता अब्बा म्हणाले होते,
“थांब. मागं, सांध्यापाशी,
रेघ हाय बघ सुरीची. दोन हायेत.
एक निम्म्यात सुटलीया.
हाडाशी भांडलंय येडं.
सांध्याला इचारलं आसतं
तर त्यानंच वाट दिली आसती.”
मग जरा थांबून,
“पोरगं आसंल. हात नवा हुता.”

सोमवारी मापं घेतली.
एक रेघ अकरा मिलिमीटर, दुसरी चार.
फॉर्मवर जनावर, हाड, बाजू, वय, खुणा.
हात कुणाचा, याला रकाना नाही.
शून्य लिहावं तर तेही खोटं.

गोदामात कुणी नव्हतं.
मी हातमोजा काढला
आणि त्या अर्धवट रेघेवरून बोट फिरवलं.
नख अडकलं.